वासरांच्या वाट्याचं दूध

घरातलं माणूस तापाने फणफणून दवाखान्यात पडलेलं, आणि घरची धाकटी सून गोठ्यात शेण वेचत बसलेली! असं वागणं तिच्या सासूने, मोठीआईने, आयुष्यात पाहिलं नव्हतं. आणि पाहिलं नव्हतं एवढ्यावर ती थांबणारी बाई नव्हती. वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलेल्या प्रत्येकाला ते ऐकवल्याशिवाय तिला घोटभर पाणी गोड लागलं नसतं.

“शेण म्हणजे तरी काय, पाटीत भरलं असतं तर मी काही म्हटलं नसतं,” ती लेकीला सांगत होती. लेक सासरहून भावजयीला बघायला आली होती आणि आईचं बोलणं मन लावून ऐकत होती, कारण ते तिच्याबद्दल नव्हतं. “वाटाण्याएवढं! एकेका वासराच्या मागे उभी राहून, चमच्याने. प्रत्येकाचं वेगळ्या बाटलीत. वर चिकटपट्टी. आणि चिकटपट्टीवर नाव.”

“कोणाचं नाव?”

“वासराचं! काळी, ठिपकी, लंगडी. इथे सख्खी जाऊ शुद्ध हरपून पडलीय, तिच्या कपाळावर हात ठेवायला हिला सवड नाही. आणि लंगडीचं शेण मात्र नावानिशी!”

“कधी झालं हे?”

“परवा. मला आज कळतंय, दूधवाल्याकडून. मी इथे हिच्या उशाशी बसलेय, माझ्या पाठीमागे ही गोठ्यात.”

थोरला मुलगा भिंतीला टेकून उभा होता. गायीला आवाज देताना ज्याचा आवाज पार बांधापलीकडे जायचा, त्याचा आवाज चार दिवसांत बसला होता. “आई, जरा हळू. आत डॉक्टर आहेत.”

“असू देत. डॉक्टरला काय सुना नसतात?”

थोरली सून या घरात आली तेव्हा गाय कोणत्या बाजूने उठते हेसुद्धा तिला ठाऊक नव्हतं. मोठीआईने तिला बोलून बोलून सोललं होतं, आणि त्या बोलण्यातून एक दिवस अशी बाई निघाली की तिच्याशिवाय गोठ्यात पान हलेना. वासरं तर तिचीच. नवं वासरू बादलीत तोंड घालत नाही. त्याला शिकवायचं तर आपली बोटं दुधात बुडवून त्याच्या तोंडात द्यावी लागतात. ते आईचं सड समजून बोटं चोखतं, मग चोखता चोखता हात हळूहळू खाली बादलीत न्यायचा आणि त्याच्या नकळत बोटं काढून घ्यायची. हे काम घाईच्या माणसाला जमत नाही. मोठीआईला स्वतःला कधी जमलं नव्हतं, पण तसं कोणी म्हटलेलं तिला चाललं नसतं. थोरलीला जमायचं. वासरं तिला बघून हंबरायची, तिची ओढणी चघळायची, कोपरापर्यंत हात चाटायची.

तीच थोरली आता पांढऱ्या चादरीखाली ओठ कोरडे पडून पडली होती. आधी लघवीला जळजळ झाली, ती तिने कामाच्या नादात अंगावर काढली. मग थंडी वाजली, मग ताप, मग बरळणं. डॉक्टर म्हणाले होते, जंतू रक्तात उतरलेत.

डॉक्टर बाहेर आले. वयाने तरुणच, पण डोळ्यांखाली काळं आलेलं.

“औषध चालू आहे,” ते म्हणाले. “खरं तर याने उतार पडायला हवा होता. तिच्या रक्तातले जंतू आम्ही ताटलीवर वाढवून बघितले. ताटलीवर तर हे औषध चालतंय.”

“ताप ताटलीला आलाय की माझ्या सुनेला?” मोठीआई म्हणाली.

लेकीने तोंडाला पदर लावला. डॉक्टर मात्र हसले नाहीत. “तुमचं बरोबर आहे, आजी. काहीतरी चुकतंय. याहून मोठं औषध आमच्याकडे आहे, पण ते आम्ही राखून ठेवतो. ऊठसूट वापरलं तर जंतू त्यालाही सरावतील, मग हातात काहीच उरणार नाही. म्हणून ते काढायला पक्कं कारण हवं. तिच्या रक्तातला जंतू प्रयोगशाळेत पाठवलाय. त्यांनी तो वाचला की लगेच ठरवू.”

“वाचला म्हणजे? जंतू काय पोथी आहे?”

“तसंच काहीसं. तुमच्या धाकट्या सूनबाई तिथेच काम करतात ना? त्याच वाचतायत.”

मोठीआई थोरल्याकडे वळली. थोरला चपलेच्या अंगठ्याकडे बघत होता. त्याला हे माहीत होतं, आणि आईला सांगायची छाती झाली नव्हती.

“म्हणजे माझ्या थोरलीचा जीव त्या शेण वेचणारीच्या हातात आहे,” मोठीआई म्हणाली, आणि उठली. “कुठे बसते ती? चल, दाखव मला.”

*

प्रयोगशाळा म्हणजे चकचकीत, गार, दिव्यांनी लखलखणारी जागा असेल अशी तिची समजूत होती. प्रत्यक्षात ती जागा निघाली एका जुन्या इमारतीच्या मागच्या अंगाला, लांबच लांब व्हरांड्यात. दोन्ही बाजूंना घरघरणारी शीतकपाटं, त्यांच्यावर खोकी रचलेली. स्पिरिटचा आणि कुठेतरी उकळत ठेवलेल्या रशाचा मिळून एक वास. दारातल्या चष्मेवाल्या माणसाने थोरल्याला बाहेरच बसवलं, मोठीआईला पांढरा अंगरखा चढवला, तो तिच्या घोट्यांपर्यंत आला, आणि वर बजावलं, “आजी, कशालाही हात लावायचा नाही.”

“मी काय रांगतं पोर आहे?” ती म्हणाली, पण हात पाठीमागे बांधून घेतले.

धाकटी टेबलाशी वाकून उभी होती. सासूला बघताच तिच्या चेहऱ्यावरचं रक्तच उतरलं. “मोठीआई? तुम्ही? ताई... ताईंना काही...”

“जिवंत आहे. तुझ्या कृपेने नाही.”

धाकटीने डोळे मिटले, श्वास सोडला, आणि स्टुलावर बसली. तिचे डोळे लाल होते. केस कसेतरी वर बांधलेले, मनगटं रबरी मोज्यांच्या पावडरीने पांढरी. मोठीआई भांडायला आली होती, वाक्यं वाटेतच घोटून घोटून तयार केली होती. पण समोर भांडायला उभं राहणारं कोणी दिसेना. म्हणून तिने नुसतं विचारलं, “काय करतेस इथे?”

“दाखवू?”

“दाखव. मला काय कळणार म्हणून टाळू नकोस.”

धाकटीने बशीएवढी एक झाकणाची ताटली उचलली. आत पिवळसर थर, त्यावर सायीसारखं काहीतरी पसरलेलं, आणि त्या सायीवर कागदाच्या पांढऱ्या टिकल्या मांडलेल्या. “ही साय म्हणजे ताईंच्या रक्तातले जंतू. कोट्यवधी. प्रत्येक टिकलीला वेगळं औषध लावलंय. औषध चाललं की टिकलीभोवती जंतू मरतात आणि स्वच्छ कडं पडतं. बघा.”

मोठीआईने बघितलं. बहुतेक टिकल्यांभोवती साय अगदी चिकटून वाढली होती, जशी काही ती टिकली म्हणजे साखरच. दोनच टिकल्यांभोवती कडं होतं. एक मोठं, एक जरा लहान.

“हे लहान कडं ज्याचं, ते औषध ताईंना चालू आहे.”

“मग मरत का नाहीत?”

“तेच शोधतेय.” धाकटीने एक बारीक नळी दिव्यासमोर धरली. आत पाण्यासारखं काहीतरी, आणि त्यात तरंगणारा एक पांढुरका गुंता. पिंजलेल्या कापसाचा एखादा तंतू पाण्यात सोडावा तसा. “जंतू फोडून आतून हा धागा काढला. जंतूला जे जे म्हणून येतं, खायला, वाढायला, लपायला, औषधाशी लढायला, ते सगळं या धाग्यावर लिहिलेलं असतं. चारच अक्षरांत.”

“चार?” मोठीआईला निदान बाराखडी येत होती. तिथवर पोचल्यावर तिला शाळेतून काढून धाकट्या भावंडांपाशी बसवलं होतं. “चार अक्षरांत तर माझं नावसुद्धा नीट बसत नाही.”

“चारच. पण एका जंतूच्या धाग्यावर ती पन्नास लाख वेळा येतात.”

मोठीआईने नळीकडे पुन्हा पाहिलं. तो तंतू हलत होता. धाकटी नळी हळूच फिरवत होती म्हणून. पण तिला वाटलं, तो श्वासच घेतोय.

मग धाकटीने तिला ते यंत्र दाखवलं. मोठीआई भिंतीएवढ्या यंत्राची वाट बघत होती. ते निघालं काडेपेटीपेक्षा थोडं मोठं. त्यात म्हणे सुईच्या नाकाहून कितीतरी बारीक, डोळ्याला कधीच दिसणार नाहीत अशी भोकं होती, आणि प्रत्येक भोकातून एकेक धागा ओवला जात होता. धागा सरकताना विजेचा प्रवाह किंचित कमी-जास्त होतो, आणि कोणत्या अक्षराने तो किती हलतो हे ठाऊक असल्यामुळे यंत्राला अक्षर वाचता येतं. शेजारच्या पडद्यावर ती अक्षरं पळत होती. ओळीमागून ओळ, ओळीमागून ओळ, मधे कुठे जागा नाही, विराम नाही.

मोठीआई खुर्ची ओढून बसली. कोणी बस म्हटलं नव्हतं. तिने आजवर पुष्कळ जन्म पाहिले होते. गायींच्या पोटचे, सुनांच्या पोटचे, स्वतःच्या पोटचे. आडवं आलेलं वासरू खांद्यापर्यंत हात घालून फिरवलं होतं. जन्म कसा होतो हे आपल्याला कळलंय, असं तिला वाटत आलं होतं. आता डोळ्याला न दिसणाऱ्या एका किड्याचं सगळं जगणं तिच्यासमोर ओळीने चाललं होतं, आणि ते संपता संपत नव्हतं.

“हे कोणी लिहिलं?” तिने विचारलं. आवाज खाली आला होता, हे तिचं तिलाच उशिरा कळलं.

“कोणीच नाही. एका जंतूचे दोन होतात तेव्हा तो हे सगळं उतरवून काढतो. उतरवताना क्वचित एखादं अक्षर चुकतं. बहुतेक चुकांनी काही होत नाही, काहींनी तो मरतो, आणि कधीतरी एखादी चूक कामी येते.”

पडद्याच्या कोपऱ्यात एक खूण लागली. धाकटी चटकन पुढे वाकली, काहीतरी दाबलं, वाचलं, पुन्हा वाचलं. “हे बघा,” ती म्हणाली, आणि ती सासूशी बोलतेय हे विसरल्यासारखी म्हणाली. “मोठ्या धाग्याशेजारी हे एक धाग्याचंच छोटं कडं आहे. वेगळंच. बांगडीसारखं. आणि त्यावर एक कात्री लिहिलीय.”

“कात्री?”

“आपलं औषध म्हणजे एक साखळी समजा. ही कात्री नेमकी तिच्या एका दुव्यावर चालते. दुवा तुटला की औषध म्हणजे नुसतं पाणी. ताटलीवर जंतू त्या मानाने थोडे असतात, तिथे औषध जिंकतं. अंगात त्यांची गर्दी होते. सगळे मिळून इतक्या कात्र्या काढतात की औषध पुरं पडत नाही. म्हणून ताटली एक सांगते आणि ताप दुसरंच.”

“म्हणजे ते राखलेलं औषध द्यायचं.”

“हो. त्याच्यावर ही कात्री चालत नाही. आणि ते मोडणारी दुसरी कात्री यात कुठेच नाही, सगळं वाचलंय मी.” धाकटी फोनकडे धावली. डॉक्टरांशी ती जे बोलली त्यातलं मोठीआईला फारसं कळलं नाही. पण शेवटचं “आत्ताच्या आत्ता सुरू करा” हे कळलं, आणि ते ज्या सुरात म्हटलं तेही. तो सूर तिच्या ओळखीचा होता. ती स्वतः गुरांच्या डॉक्टरशी याच सुरात बोलायची.

फोन ठेवून ती पुन्हा पडद्यासमोर येऊन बसली.

“हे कडं त्याला आईबापांकडून मिळालं?” मोठीआईने विचारलं. घराण्याची चौकशी ती गायीचीही करायची आणि स्थळाचीही.

“मिळतं. पण नुसतं तसंच नाही. एक जंतू शेजारच्या जंतूला बारीक नळी लावतो आणि या कड्याची एक प्रत त्याला देऊन टाकतो. तो त्याच्या जातीचा असायलाच हवा असं नाही.”

“आणि याचं कमी होतं?”

“काही कमी होत नाही. याच्याकडेही राहतं, त्याच्याकडेही.”

“अगं बाई!” मोठीआई म्हणाली. “माझी पोरं एकमेकांना छत्री देताना कुरकुरतात.”

धाकटी हसली. या घरात आल्यापासून सासूसमोर ती बहुधा पहिल्यांदाच हसली असेल. मग म्हणाली, “आणि ही कात्री काही आजची नाही, मोठीआई. माणूस नव्हता तेव्हापासून मातीत बुरशी आणि जंतू एकमेकांशी लढतायत. एकाने विष सोडायचं, दुसऱ्याने ते मोडायची कात्री काढायची. आपण बुरशीचं विष उचललं आणि त्याला औषध म्हटलं. कात्री तर त्याच्याही आधीपासून तिथेच पडलेली होती.”

मोठीआईच्या अंगावर काटा आला. रोज सकाळी ती ज्या मातीवर अनवाणी उभी राहायची, त्या मातीत, तिच्या तळव्यांखाली, इतकी जुनी लढाई चालू होती, आणि तिला कोणी बोलावलंही नव्हतं, विचारलंही नव्हतं.

*

“बरं,” मोठीआई म्हणाली, “हे समजलं. पण शेण कशाला?”

धाकटीने हातातले मोजे काढले, घडी केले, टाकले. “गाईची कास सुजली की आपण सडात औषधाची नळी सोडतो. त्यातलं औषध आणि ताईंवर चाललं नाही ते औषध, दोन्ही एकाच घराण्यातली. रक्ताचा पहिला अहवाल बघितला आणि मला शंका आली.” तिने सासूकडे पाहिलं. “नळी सोडल्यावर त्या गायीचं दूध कुठे जातं, मोठीआई?”

मोठीआई ताठ झाली. या बाबतीत तिला कोणी काही विचारावं म्हणजे काय! “डेअरीत नाही. थेंब नाही. डेअरीचा माणूस माझ्या कॅनला नुसता हात लावून पुढे जातो, विचार त्याला. लोकांच्या लेकरांच्या पोटात औषध घालणारं घर नाही हे.”

“ते मला माहीत आहे. मग कुठे जातं?”

“वासरांना. नाहीतर काय मोरीत ओतू? पांढरंशुभ्र दूध? दूध ओतणारे हात या घरात नाहीत.”

धाकटी गप्प राहिली. ती बोलली असती तर मोठीआईला बरं वाटलं असतं. बोलणाऱ्या माणसाला गप्प करता येतं. हिच्या गप्प बसण्याला काय करायचं?

“सांग पुढे,” तीच म्हणाली.

“वासराच्या पोटातही कोट्यवधी जंतू असतात. त्याचे सोबती. बहुतेकांकडे कात्री नसते, एखाद्याकडे असते. दुधातून रोज थोडं थोडं औषध आलं की बिनकात्रीचे मरतात आणि कात्रीवाल्याला सगळी जागा मोकळी मिळते. तुम्ही पैदाशीसाठी चांगली गाय निवडता ना? तसं ते दूध रोज निवडत होतं. नेमके तेवढेच ठेवत होतं.”

“वासरं ठणठणीत आहेत माझी.”

“आहेतच. त्यांना तो काही करत नाही. त्यांच्या पोटात सुखाने राहतो. शेणातून बाहेर येतो. मग ती ताईंचे हात चाटतात, हातावरून तो पोटात, पोटातून लघवीच्या वाटेला.”

मोठीआईच्या डोळ्यांसमोर थोरलीची बोटं आली. दुधाने ओली, वासराच्या तोंडात.

“हे तुझं म्हणणं झालं,” ती म्हणाली. “म्हणणं कोणीही म्हणतं.”

धाकटीने पडदा तिच्याकडे वळवला. चार ओळी होत्या, एकाखाली एक. ताई. काळी. ठिपकी. लंगडी. “जिथे अक्षर वेगळं असेल तिथे लाल दिसेल,” ती म्हणाली, आणि ओळी सरकवायला लागली. त्या सरकत राहिल्या. मोठीआई लाल शोधत होती. आयुष्यात तिने काही इतक्या आशेने शोधलं नसेल. काळं, काळं, नुसतं काळं. मग एक लाल ठिपका आला आणि गेला. मग पुन्हा कितीतरी वेळ काळं.

“पन्नास लाखांत फरक किती?” तिने विचारलं.

“लंगडीच्या आणि ताईंच्या जंतूत दोन अक्षरांचा. आणि कडं तर अक्षरन् अक्षर तेच.”

जुळ्यांनाही कुठे ना कुठे तीळ वेगळा असतो. मोठीआई त्या दोन ओळींकडे बघत राहिली. तिच्या गोठ्यात, तिच्या नाकासमोर एक आख्खं घराणं वाढलं होतं. तिला गायींच्या सात पिढ्या तोंडपाठ होत्या, आणि या घराण्याची तिला गंधवार्ता नव्हती. आणि ते तिने आपल्या हाताने, दूध पाजून वाढवलं होतं. भीती तर वाटलीच. पण भीतीच्याही वर काहीतरी होतं, ज्याला तिच्याजवळ शब्द नव्हता. एवढंसं पोर आपल्या डोळ्यांदेखत डोंगराएवढं झालं तर माणूस मान वर करून बघतच राहील ना, तसं.

“वासरांकडूनच आलं कशावरून? हिच्याकडून त्यांना गेलं नसेल कशावरून?”

“बरोबर विचारलंत. नुसती अक्षरं ते सांगत नाहीत. पण तपासलेल्या सगळ्या वासरांत तो आहे आणि घरात तपासलेल्यांपैकी दुसऱ्या कोणात नाही. मी माझं तपासलं, थोरल्या भावजींचं तपासलं...”

“थोरल्याचं? कसं मिळवलंस?”

“मागितलं.”

“आणि त्याने दिलं?”

“दुपारपर्यंत लाजले. मग दिलं.”

चष्मेवाला दारापाशी खोकला. मोठीआईला हसू आलं, आणि हसू आल्याचा राग आला. “माझं नाही तपासलंस ते?”

“तुमच्याकडे कोण मागणार?” धाकटी पटकन बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

मोठीआई तिच्याकडे बघत राहिली. “हे दुधाचं तुला आधीपासून ठाऊक होतं?”

“शंका होती. गेल्या वर्षी जेवताना सांगायला लागले होते. तुम्ही म्हणालात, शिकलेल्यांनी आधी धार काढून दाखवावी, मग गोठ्यावर बोलावं. सगळे हसले. मग मी...” तिने खांदे उचलले. “मग मी नाही बोलले.”

*

नवं औषध थेंबाथेंबाने थोरलीच्या हातात उतरत होतं. मोठीआई त्या थेंबांकडे बघत बसायची. पूर्वी तिला ती बाटली म्हणजे नुसती बाटली वाटायची. आता प्रत्येक थेंबासरशी आत काय चाललं असेल ते तिला दिसल्यासारखं व्हायचं. त्या गर्दीत पडलेला थेंब, हवेतच चाललेल्या कात्र्या, आणि कात्रीला न सापडलेली साखळी. पोरीचं अंग म्हणजे केवढा प्रदेश! किती ठिकाणी, किती कोट्यवधी मरत असतील, आणि बाहेर आवाज नाही, नुसता पंखा फिरतोय. ती बोलत नव्हती. लेकीला वाटलं आईची तब्येत बिघडली.

ताप आधी थबकला, मग उतरला. थोरलीने एका सकाळी डोळे उघडले आणि पहिलं वाक्य बोलली ते “लंगडी पितेय का?” थोरला वॉर्डातून बाहेर गेला आणि व्हरांड्यात तोंडावर रुमाल धरून उभा राहिला.

गोठ्यात एका गायीला नळी चालू होती. त्या दिवशी मोठीआईने तिचं दूध वासरांच्या खोपीकडे जाऊ दिलं नाही. गुरांच्या डॉक्टरला विचारून, विहिरीपासून आणि गोठ्यापासून लांब, वेगळा खड्डा खणवून घेतला. दूध ओतताना थोरल्याने आईकडे पाहिलं, ती तोंड फिरवेल असं त्याला वाटलं. तिने फिरवलं नाही. पांढरं दूध काळ्या मातीत मुरेपर्यंत ती उभी होती, आणि काय बघत होती ते तिलाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे वॉर्डात जमले. थोरली उशीला टेकून बसली होती, गालांची हाडं वर आलेली, पण डोळे जागेवर. ती म्हणाली, “मला हे लागलं तरी कुठून?”

“हात नीट धूत नसशील,” लेक म्हणाली. “गोठ्यातून उठायचं आणि तसंच चुलीपाशी.”

थोरलीचा चेहरा उतरला. तेवढ्यात धाकटी दारातून आत आली, सरळ कामावरून, खांद्याला पिशवी. लेकीने नाक मुरडलं. “आल्या का शेणवाल्या बाई!”

धाकटीने ऐकलं होतं. दोन्ही वाक्यं ऐकली होती. तिने मोठीआईकडे एकदा पाहिलं आणि नजर खाली घातली. ती सांगणार नव्हती. उद्या नाही, कधीच नाही. थोरली आपल्या हातांना दोष देत राहील आणि ही गप्प राहील, हे मोठीआईला लख्ख दिसलं.

“हात ती माझ्यापेक्षा चांगले धुते,” मोठीआई लेकीला म्हणाली. “तिला ते वासरांकडून लागलं, आणि वासरांकडे ते मी पाठवलेल्या बादलीतून गेलं. त्यात नळीवाल्या गायीचं दूध होतं. झालं तुझं समाधान? आता स्टूल सोड, हिला बसू दे.”

लेक उठली. पलीकडच्या खाटेवरची बाईसुद्धा सफरचंद कापायची थांबली. धाकटी स्टुलाजवळ तशीच उभी.

“बस म्हटलं ना. आणि माझ्याकडे बघ. तुला शेण वेचणारी म्हणून मी चारचौघांत बोलले, ते शब्द काही मी परत घेणार नाही. मला तशी सवय नाही, आणि या वयात लावून घेणार नाही. पण तुझा खरा गुन्हा वेगळाच आहे. जे कोणाला दिसत नाही ते तुला दिसतं. एवढ्याशा काडेपेटीत तू पन्नास लाख अक्षरं वाचतेस, माणूस नव्हता तेव्हाची लढाई वाचतेस, आणि एका म्हातारीच्या जिभेला घाबरून वर्षभर तोंड शिवून बसलीस? जंतूला भीत नाहीस आणि सासूला भितेस! पुन्हा असं करायचं नाही. यापुढे मी गप्प बस म्हटलं तर बसायचं नाही, माझ्याहून मोठ्याने बोलायचं. तेवढं उद्धट तुला व्हावंच लागेल, नाहीतर तुझं ते शिक्षण माझ्या गोठ्याच्या काय कामाचं?”